श्रवण आणि मनन

पैठण, गंगापूर, फुलंब्री या बाजूंनी सकाळी छत्रपती संभाजीनगरात येणाऱ्या एस.टी.च्या गाड्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी दाटीने उभे असतात. पुस्तक उघडावे, तर हादऱ्यांनी अक्षरे नाचू लागतात. कान मात्र मोकळे असतात. या मोकळ्या कानांचा अभ्यासासाठी उपयोग का करून घेऊ नये?

ध्वनिमुद्रित केलेले आणि मोबाइलवर हवे तेव्हा ऐकता येणारे भाषण किंवा संवाद म्हणजे पॉडकास्ट. हे नाव २००४ साली रूढ होऊ लागले. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने १,६००हून अधिक नव्या विद्यार्थ्यांना आयपॉड दिले. साधन नवे; श्रवण मात्र आपल्याला नवे नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा कित्येकांनी संतांचे विचार कीर्तनातूनच आत्मसात केले.

मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फार उशिरा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. १९५८ साली विद्यापीठ स्थापन झाले. दारे उघडली, परंतु मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी इंग्रजी व्याख्यान ऐकून आजही उंबरठ्यावरच अडखळतो. पुन्हा विचारण्याचा त्याला संकोच वाटतो. म्हणून प्राध्यापकांनी प्रत्येक कठीण भाग दहा-पंधरा मिनिटांत, सोप्या मराठीत, इंग्रजी संज्ञांचा उलगडा करीत ध्वनिमुद्रित करावा, असे मला वाटते. दहाव्यांदा ऐकले, तरी हा आवाज त्रासत नाही. अंध विद्यार्थ्यांना तर तो मोठाच आधार होईल.

तथापि ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे. श्रोत्याच्या मुद्रेवरील गोंधळ यंत्राला दिसत नाही. त्याच्या शंकेला ते उत्तरही देत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण आहे या सबबीवर वर्गातील शिक्षकाची जागा रिकामी ठेवणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय होईल. आपल्या पूर्वजांनी श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन सांगितले, ते याचसाठी. ऐकून झाल्यावर वही उघडावी, समजले ते चार ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि न समजलेले निःसंकोचपणे गुरुजनांस विचारावे.

बालमित्रांनो, उद्या तुम्हीही महाविद्यालयात जाल. तेव्हा कानांवर पडलेले सारेच ज्ञान असते, असे समजू नका. ऐकलेल्यावर विचार करून ते आपलेसे कराल, तेव्हाच ते ज्ञान होईल.