उत्क्रांतीचे कथन आणि पुरावा
कार्ल सेगन यांच्या 'कॉसमॉस' (१९८०) या दूरचित्रवाणी मालिकेत उत्क्रांतीच्या विवेचनाचा आरंभ जपानमधील हेइके खेकड्यांच्या कथेने होतो. ११८५ मध्ये दान-नो-उरा येथील युद्धात हेइके योद्धे बुडाले. पाठीवर योद्ध्याचा चेहरा भासणारे खेकडे कोळी श्रद्धेने परत सोडत, म्हणून तो चेहरा पिढ्यानुपिढ्या ठसठशीत होत गेला. कृत्रिम निवडीचे तत्त्व यातून उत्तम कळते. उदाहरण मात्र टिकत नाही. हे लहान खेकडे खाल्लेच जात नाहीत आणि पाठीवरील वळ्या स्नायूंच्या जोडणीच्या खुणा आहेत, असा आक्षेप जोएल मार्टिन यांनी १९९३ मध्ये घेतला. सिद्धान्ताला यामुळे बाध येत नाही. तथापि कथनाची सफाई पुराव्याची जागा कशी घेते, हे दाखविणे आख्यानमीमांसेच्या अभ्यासकाचेच काम होय.