घरचा धंदा, म्हणजे कोणाच्या घरचा?



बालहक्क हा एनजीओवाल्यांचा विषय म्हणून आपल्या शिबिरांत तो बाजूला सारतात. म्हणून हे खरडतोय.

आपल्या पोरांवर जगानं कागद लई खर्चलाय. २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार मंजूर केला. भारतानं तो ११ डिसेंबर १९९२ ला मान्य केला, पण मान्य करतानाच शेपूट जोडलं : कलम ३२, म्हणजे पोरांना पिळवणुकीच्या मजुरीतनं सोडवायचं कलम, आम्ही टप्प्याटप्प्यानं लागू करू. जानेवारी २००२ मध्ये काठमांडूला सार्क देशांनी बालकल्याणाचा वेगळा करार केला. त्या सार्कची शेवटची शिखर बैठक भरली २०१४ ला. २०१५ साली जगानं लिहून दिलं, २०२५ पर्यंत बालमजुरी संपवू. २०२४ चा संयुक्त राष्ट्रांचाच हिशेब : १३ कोटी ८० लाख पोरं कामावर.

कागद जाळा असं मी म्हणत नाही. महाडचं तळं आपण १९२७ ला चाखलं, तरी हायकोर्टाचा निकाल १९३७ ला घ्यावाच लागला. कागद लागतो. माझं भांडण कागदात मुद्दाम ठेवलेल्या भोकाशी आहे.

ते भोक २०१६ साली पाडलं. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात दुरुस्ती झाली. वरून बघाल तर झकास : चौदाच्या आतलं पोर कुठंच कामाला लावायचं नाही. आणि खाली सूट : काम धोक्याचं नसेल तर शाळा सुटल्यावर, सुट्टीत घरच्या धंद्यात 'मदत' चालेल. घर म्हणजे नुसते आईबाप नाहीत. भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी, सगळे त्यात. बाहेरची माणसं कामाला असली तरी धंदा 'घरचाच'. सरकारचं म्हणणं, पोरं मदत करता करता धंदा शिकतात.

कोणता धंदा? डॉक्टरच्या पोराला कोणी सुट्टीत सुई टोचायला बसवत नाही. झाडूवाल्याच्या घरात झाडू आहे, चांभाराच्या घरात आरी आहे, बुरुडाच्या घरात बांबू. बापाचा धंदा पोरानं उचलायचा, ह्यालाच तर आपण जात म्हणतो! मनूनं धर्म म्हणून सांगितलं, ह्यांनी 'कौटुंबिक उद्योग' म्हणून लिहिलं.

आता ऊसतोडीकडं बघा. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड गाडीत पडतं, त्यात पोरंही. पोर वाढे गोळा करतं, मोळीला हात लावतं, धाकट्याला सांभाळतं. त्याचं नाव कुठल्याच हजेरीत नाही. विचारलं तर मुकादम म्हणतो, आईबापाला मदत करतंय. आणि कायदा म्हणतो, शाळा सुटल्यावर! फडात शाळा कुठली भरायची आन् कुठली सुटायची?

आपल्यातलेच काही म्हणतात, गरिबाचं पोर चार पैसे आणतं, त्याची चूल विझवायची का? अरे बाबा, पोराची मजुरी बापाचा दर पाडते. पोरं राबतात म्हणून जोडीच्या पैशात तिघाचौघांचं काम निघतं. हे गणित मुकादमाला पाठ आहे, आपल्यालाच येत नाही.

जोतीबांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढं मागितलं : निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. घटनेच्या कलम ४५ नं चौदापर्यंतच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती १९६० ला संपली. शिक्षणाचा हक्क कायद्यात येऊन लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला. मधली पन्नास वर्षं कोणाच्या पोरांची गेली? २०११ च्या शिरगणतीत पाच ते चौदा वयाची कोटभर पोरं कामावर सापडली. त्यांत आपली किती, हे वस्तीत बसलेल्याला विचारायला नको.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेपुढं एक फलक धरा : बालमजुरी कायद्याच्या कलम ३ मधली घरच्या धंद्याची सूट रद्द करा. आणि दिवाळी झाली की तालुक्याच्या गटशिक्षण अधिकाऱ्याकडं जाऊन विचारा, पटावरची किती पोरं फडावर गेली. आकडा लेखी मागा.