देवळाचा कर्णा आणि भाकड गाय

खंडेनवमीला घरोघर शस्त्रांची व अवजारांची पूजा होते. शेतकरी नांगर-कोयता मांडतो, सुतार रंधा-करवत मांडतो, आणि लाऊडस्पीकरचा व्यवसाय करणारा आपल्या अँप्लिफायरला हळदकुंकू लावून त्यावर झेंडूची माळ घालतो. ज्या यंत्राला वीस-वीस वर्षे असा मान मिळाला, तेच दसरा उलटल्यावर विकावयाचे ठरले तर त्याचे मोल कोणी करावयाचे?

कात्रजचा घाट ओलांडून खेड-शिवापूर मागे टाकले की सातारा रस्त्यावर भोर तालुक्यातील शिवरे लागते. तेथील एका स्नेह्याने गेल्या वर्षी मला आपल्या पडवीतील ताडपत्री उचलून दाखविली. खाली चोवीस चॅनेलचा जुना मिक्सर, दोन माणसांनाही जड जावेत असे ध्वनिखोके, लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरचे अँप्लिफायर आणि तांब्याच्या जाड केबलचे वेटोळे. पंचक्रोशीतील काकडआरती, हरिनाम सप्ताह आणि यात्रा या सामानावर निभावल्या होत्या. सारे चालू स्थितीत होते. पण गिऱ्हाईक नव्हते.

सामान वाईट म्हणून ते विकत नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. जुन्या अॅनालॉग यंत्रात आवाज विजेच्या अखंड लहरीच्या रूपाने वाहतो. नव्या डिजिटल यंत्रात त्याचे आकडे होतात. कान तयार असलेल्या माणसाच्या हाती जुना मिक्सर आजही गोड बोलतो. परंतु नव्या यंत्राला स्मरणशक्ती आहे. अमक्या कीर्तनकारांचा आवाज, तमक्याचा पखवाज, यांची मांडणी एकदा साठविली की पुन्हा क्षणात हजर. २०१२ साली बेहरिंगरचा एक्स-३२ हा बत्तीस चॅनेलचा डिजिटल मिक्सर बाजारात आला, तेव्हापासून ही सोय मध्यम भांडवलाच्या माणसाच्याही आवाक्यात येऊ लागली. जेथे तांब्याची जाडजूड केबल ओढावी लागे, तेथे बोटाएवढीही जाड नसलेली एक तार पुरते. टेम्पोचे भाडे आणि हमालांची मजुरी ज्याच्या खिशातून जाते, तो जुने सामान फुकट मिळाले तरी विचार करतो!

त्यात २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आली. यात्रा थांबल्या, सप्ताह घरातल्या घरात झाले, पंढरीच्या वाटेवर पादुका बसमधून गेल्या. ज्यांचे कर्जाचे हप्ते थांबत नव्हते, त्यांच्यापैकी अनेकांनी एकाच वेळी सामान विक्रीस काढले, आणि सगळेच विकणारे झाल्यावर घेणारा कोठून यावा? पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत चौकशी केली की जुन्या मालाला पक्के बिल आहे का, हमी कोण देणार, असे प्रश्न येतात. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात न्यावे तर ते एका बुधवारचे काम नव्हे. शेवटी भंगारवाला येतो. तो ट्रान्सफॉर्मरमधील तांबे पाहतो, अॅल्युमिनियम पाहतो आणि वजनकाटा लावतो.

भंगाराचा भाव ऐकून ज्याचे मन दुखते, त्याला मग एक पुण्यकारक वाट सुचते: सामान देवळाला देऊन टाकावे. पाटी लागते, नारळ फुटतो, पडवी मोकळी होते. मला बोलावयाचे आहे ते याविषयी. कठोपनिषदातील वाजश्रवसाने यज्ञात दूध आटलेल्या, म्हाताऱ्या गाई दान दिल्या, आणि त्याचा मुलगा नचिकेता अस्वस्थ झाला, ही कथा आपण श्रद्धेने ऐकतो. ज्याचे दूध आपणांस नको झाले ते देवाच्या दारी बांधावयाचे, यात दानापेक्षा सुटकाच अधिक. गाय निदान निरुपद्रवी असते. जुन्या अँप्लिफायरची अर्थिंगची पिन मोडलेली असेल, तार उंदरांनी कुरतडलेली असेल, तर अभिषेकाच्या ओल्या फरशीवर उभे राहून धातूचा माईक हाती धरणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

मग जुने सामान देवळात नकोच काय? तसे मुळीच नव्हे. कीर्तनाला एक बुवा, वीणा, पेटी, पखवाज आणि टाळकरी. आठ चॅनेल त्याला पुष्कळ झाले. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला मनाई केली आहे. निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे. भल्या पहाटेच्या काकड्याला मोठमोठ्या खोक्यांचे काय काम? विश्वस्तांनी आठ चॅनेलचे, तपासलेले, दुरुस्त केलेले सामान रीतसर दाम मोजून घ्यावे. तासभर चालू ठेवून अँप्लिफायर किती तापतो ते पाहावे, प्रत्येक बटण फिरवून खरखर येते का ते ऐकावे (पट्ट्यांवर धूळ बसली की ती येतेच, आणि बहुधा साफसफाईने जाते), कर्णे एकेक करून वाजवावेत, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. फुकटाचे घेताना हे काही करावयाचा संकोच वाटतो. दाम दिले की तो हक्क मिळतो. विकणाऱ्यालाही माझे सांगणे आहे. सारा संच एकाच माणसाला खपविण्याची आशा सोडावी, सुटे सुटे विकावे, दोष आधी सांगावेत, आणि वाट पाहत बसू नये. पावसाळ्याच्या दमटीत स्पीकरचे कागद सैल पडतात, कंडेन्सर वर्षागणिक सुकतात. पडवीत ठेवलेला माल जपून ठेवल्याने वाढत नाही.

माझ्या स्नेह्याने हे माझ्याआधीच ओळखले होते. धाकटा आठ चॅनेलचा मिक्सर, एक अँप्लिफायर आणि दोन कर्णे त्याने शेजारच्या वाडीतील भजनी मंडळाला विकले. मागितली त्याहून थोडी कमी किंमत आली. पण दोन एकादश्यांना तो स्वतः जाऊन बसला आणि पखवाज वाजविणाऱ्याच्या मुलाला कोणते बटण कशाचे ते शिकवून आला. चोवीस चॅनेलचा मोठा मिक्सर मात्र अजून ताडपत्रीखालीच आहे. या खंडेनवमीलाही त्याच्यावर माळ पडेल, असे तो म्हणतो.