गळा कोणाचा, नाव कोणाचे?

पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आम्ही नेहमी ज्ञानेश्वरीपासून आरंभ करतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली, हे मराठीच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असते; आणि तोंडपाठ असल्यामुळेच त्या खटाटोपामागील तळमळ त्याला जाणवत नाही. म्हणून गेल्या वर्षी आम्ही (एकाच विभागात शिकवणाऱ्या आम्ही दोघांनी) एक निराळे उदाहरण घेऊन पाहिले. ते होते १९६२ साली अमेरिकेत निघालेल्या एका सात इंची तबकडीचे.

‘ही’ज अ रेबेल’ हे गाणे त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. लेबलावर गाणाऱ्यांचे नाव छापले होते ‘द क्रिस्टल्स’. क्रिस्टल्स हा न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय मुलींचा गायनवृंद. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी एकीचाही आवाज त्या तबकडीवर नाही. निर्माता फिल स्पेक्टर याने हे गाणे लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले, आणि ते गायल्या डार्लीन राइट व त्यांच्या ‘द ब्लॉसम्स’ या वृंदातील सहकारी. दुसऱ्यांच्या तबकड्यांवर मागून साथ देणे हाच ब्लॉसम्सचा व्यवसाय होता. क्रिस्टल्सना ‘आपले’ हे नवे गाणे प्रथम ऐकायला मिळाले ते रेडिओवर, असे त्यांनीच पुढे सांगितले. आणि नंतर ते आपलेच म्हणून त्यांना रंगमंचावर गावेही लागले.

हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, गाणं तर तेच राहिलं ना? मग गळा कोणाचा होता, यानं काय फरक पडतो?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, उलट तो आमच्याच शिकवणीतून आलेला होता. त्याच आठवड्यात आम्ही तिला रोलाँ बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध शिकवला होता. तास संपल्याची घंटा झाली आणि आम्ही सुटलो. पण प्रश्न सुटला नाही. हे टिपण म्हणजे त्या विद्यार्थिनीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम पार्श्वभूमी. साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत ज्यांना ‘गर्ल ग्रुप’ म्हणत, ते बहुधा शाळकरी वयाच्या तीन-चार मुलींचे वृंद होते. न्यू जर्सीतील शिरेल्स या वृंदाचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ १९६१ च्या जानेवारीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि या प्रकाराला मोठी बाजारपेठ मिळाली. गाणी लिहिण्याचा कारखाना न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, ब्रिल बिल्डिंग आणि तिच्या परिसरात चाले. कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन, एली ग्रीनिच आणि जेफ बॅरी, सिंथिया वाइल आणि बॅरी मॅन या जोडप्यांनी तेथे बसून गाण्यांमागून गाणी लिहिली. किंग-गॉफिन यांच्या घरी मूल सांभाळणारी ईव्हा बॉइड ही मुलगी ‘लिटल ईव्हा’ या नावाने ‘द लोको-मोशन’ गायली आणि १९६२ मध्ये तेही पहिल्या क्रमांकावर पोहोचले. यशस्वी झालेल्या अशा प्रत्येक तबकडीमागे कित्येक तबकड्या अशा होत्या की ज्या थोड्या छापल्या गेल्या, त्याहून थोड्या विकल्या गेल्या आणि विसरल्या गेल्या. अशा तबकड्यांचा शोध घेणे आणि मिळालेली माहिती एकमेकांना देणे, हे ज्यांनी आयुष्यभराचे काम मानले, त्या संग्राहकांविषयी आम्हांला बोलायचे आहे.

या मंडळींची कार्यपद्धती पाहिली की पाठचिकित्सेच्या अध्यापकाला घरी आल्यासारखे वाटते. ते लेबलावरील गीतकार, प्रकाशक, निर्माता ही नावे टिपतात. एकाच गाण्याची प्रसारासाठी रेडिओ केंद्रांना धाडलेली पांढऱ्या लेबलाची प्रत आणि विक्रीची प्रत समोरासमोर ठेवतात. गाण्याची खाच संपल्यानंतर लेबलापर्यंत जी मोकळी पट्टी उरते, तिच्यावर कोरलेले आकडे ते भिंगाखाली वाचतात. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात तयार झालेल्या तबकड्यांवर त्रिकोणाच्या खुणेनंतर एक क्रमांक कोरलेला असे. हे क्रमांक चढत्या क्रमाने दिले जात. त्यामुळे तारीख न छापलेल्या तबकडीचा काळ शेजारच्या क्रमांकांवरून ठरवता येतो. न्यूयॉर्कच्या ‘बेल साउंड’चा ठसा दिसला की मूळ साचा कोठे कापला गेला ते कळते. पोथीची पुष्पिका, कागद, शाई आणि अक्षरवळण यांवरून आपण जे करतो तेच हे. साधन तेवढे निराळे.

आणि शेवटी कान. आवाज ओळखणे हे या विद्येतील सर्वांत अवघड अंग. ‘द रेनड्रॉप्स’ या नावाने १९६३ मध्ये निघालेल्या गाण्यांतील सगळे आवाज ग्रीनिच आणि बॅरी या दोघांचेच, एकावर एक चढवलेले आहेत. वृंद होता तो छायाचित्रापुरता. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत ‘द अँडांटीज’ या तिघी, जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लुव्हेन डेम्प्स, असंख्य तबकड्यांवर मागून गायल्या. १९६८ चे ‘लव्ह चाइल्ड’ हे गाणे डायना रॉस आणि सुप्रीम्स यांच्या नावावर आहे. पण रॉस यांच्यामागे जे आवाज आहेत ते मेरी विल्सन आणि सिंडी बर्डसाँग यांचे नसून अँडांटीजचे आहेत. अँडांटीज या नावाची तबकडी मात्र निघाली एकच, १९६४ मध्ये, आणि तीही फारशी कोणाच्या हाती पोहोचली नाही.

आता बार्थकडे येऊ. त्याचा निबंध १९६७ चा, म्हणजे ‘लव्ह चाइल्ड’च्या आदल्याच वर्षीचा. लेखक ही संहितेवरील सत्ता आहे, अर्थाचा मालक म्हणून बसलेल्या त्या सत्तेला पदच्युत केले पाहिजे, हा त्याचा युक्तिवाद आम्हांला आजही मोलाचा वाटतो. तथापि तो युक्तिवाद ज्याला सत्ता होती त्याच्याविषयीचा आहे. ब्लॉसम्स किंवा अँडांटीज यांचे नाव संहितेवर कधी लागलेच नव्हते. ज्याचा कर्ता म्हणून जन्मच झाला नाही त्याचा मृत्यू घोषित करता येत नाही. नाव पुसले जाणे ही एकासाठी मुक्ती असेल. दुसऱ्यासाठी ती निव्वळ फसवणूक असते. हा भेद आम्ही वर्गात केला नव्हता. विद्यार्थिनीच्या प्रश्नाला जागा मिळाली ती आमच्या या चुकीमुळे.

फरक काय पडतो, तो पाहा. डार्लीन राइट यांना ‘लव्ह’ हे आडनाव स्पेक्टरनेच दिले. आणि तरी ‘ही’ज शुअर द बॉय आय लव्ह’ हे त्यांचे पुढचे गाणेसुद्धा पुन्हा क्रिस्टल्सच्याच नावाने बाहेर आले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी उदरनिर्वाहासाठी त्या लोकांच्या घरी साफसफाईचे काम करत होत्या. एका घरातील न्हाणीघर धूत असताना रेडिओवर आपलेच १९६३ चे नाताळगीत लागलेले त्यांनी ऐकले, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. थकलेल्या मानधनासाठी त्यांना न्यायालयात जावे लागले. १९९७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९९८ च्या आत्मचरित्राला त्यांनी ‘माय नेम इज लव्ह’ असे नाव दिले, ते उगीच नव्हे. २०११ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, म्हणजे मूळ तबकडीनंतर ४९ वर्षांनी. ‘बी माय बेबी’ गाणाऱ्या रॉनेट्सची कथा याहून कडू आहे. १९६३ च्या करारानंतर त्या तिघींना मिळून सुमारे १५,००० डॉलरची आगाऊ रक्कम मिळाली, मानधन पुढे मिळालेच नाही. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने विक्रीवरील मानधनाचा त्यांचा हक्क मानला. परंतु चित्रपट आणि जाहिरातींतील वापराचे उत्पन्न करारातील शब्दांनुसार निर्मात्याकडेच राहू दिले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. न्यायालयात करारनामा बोलतो. संग्राहकाचे टिपण बोलत नाही. नाव शोधून काढल्याने कोणाचे घरभाडे भरले जात नाही. पण जगाला जे माहीतच नाही त्याच्याविषयी अन्याय झाला असेही कोणी म्हणत नाही. संग्राहक न्याय देऊ शकत नाहीत, पण तो मागण्यासाठी जो वृत्तान्त लागतो तो ते जिवंत ठेवतात. कंपन्यांवर हे काम सोपवता येत नाही, याचाही अनुभव आहे. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत मूळ ध्वनिफितींचे भांडार जळाले. ही हानी किती मोठी असावी याची चर्चा जगासमोर आली ती २०१९ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्समधील वृत्तान्तानंतर. आणि त्या वृत्तान्तातील व्याप्तीविषयी कंपनीने वाद घातला. मूळ फीत नष्ट झाली की कोणाच्या तरी घरच्या फडताळातील तबकडी हाच त्या गाण्याचा उरलेला साक्षीदार असतो.

अर्थात सगळेच संग्राहक दाते नव्हेत. इंग्लंडच्या उत्तर भागात सत्तरच्या दशकात ‘नॉर्दर्न सोल’ची जी चळवळ बहरली, तिच्या विगन कॅसिनोसारख्या नृत्यगृहांत दुर्मीळ तबकडी मिळवणारा निवेदक मूळ लेबलावर कागद चिकटवून भलतेच नाव सांगत असे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ती शोधता येऊ नये. फ्रँक विल्सन यांची १९६५ ची, मोजक्याच प्रती उरलेली तबकडी प्रथम ‘एडी फॉस्टर’ या खोट्या नावाने वाजवली गेली. म्हणजे कंपनीने जे गायिकांच्या बाबतीत केले, तेच प्रेमापोटी पुन्हा घडले! पण त्याच वर्तुळात ग्लोरिया जोन्स यांचे ‘टेंटेड लव्ह’ हे १९६५ मध्ये तबकडीच्या मागच्या बाजूवर पडून राहिलेले गाणे पुन्हा कानांवर आले, आणि १९८१ मध्ये ‘सॉफ्ट सेल’ने ते जगभर नेले. वस्तू लपवून ठेवल्याने तिची किंमत वाढते, ज्ञानाची मात्र वाढत नाही. आमच्यापैकी एकाचे मत असे की दुर्मीळतेचा हा हव्यासच संग्राहकाला घराबाहेर काढतो, म्हणून तो क्षम्य मानावा. दुसऱ्याला ते मान्य नाही. दुर्मीळ ते श्रेष्ठ, असे एकदा ठरले की गाणारी मुलगी मागे पडते आणि तबकडीचा भाव पुढे येतो.

माहिती वाटून घेतली गेली तेव्हा काय घडले, याची उदाहरणे आहेत. ॲलन बेट्रॉक यांचे ‘गर्ल ग्रुप्स: द स्टोरी ऑफ अ साउंड’ हे पुस्तक १९८२ चे. २००५ मध्ये ऱ्हायनो कंपनीने या प्रकारातील १२० गाण्यांचा चार तबकड्यांचा संच काढला आणि त्यात गाजलेल्या गाण्यांपेक्षा हरवलेल्यांना जागा दिली. जॅकलिन वॉरविक यांचा अभ्यासग्रंथ आला तो २००७ मध्ये. विद्यापीठीय अभ्यास भक्कमपणे उभा राहिला तेव्हा जमीन आधीच नांगरलेली होती.

हा क्रम मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. राजवाडे कोणत्या विद्यापीठात प्राध्यापक होते? गावोगावची दप्तरे धुंडाळत फिरणाऱ्या त्या माणसाने १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, तेव्हा ती कागदपत्रे स्वतःच्या पेटीत न ठेवता सर्वांपुढे मांडली, हेच त्यांचे मोठेपण. नाव पुसले जाण्याची कथाही आपल्याला नवी नाही. १९४९ च्या ‘महल’मधील ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या आरंभीच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातील पात्राचे. गळा लता मंगेशकरांचा होता. लताबाईंना पुढे त्यांचे नाव मिळाले, नव्हे त्यांनी ते मिळवले. मागे उभे राहून साथ देणाऱ्या वृंदातील बायकांना ते मिळाले का, हा प्रश्न आपण अद्याप नीट विचारलेला नाही.

हौशी माणसांच्या कामाला ‘छंद’ म्हणून बाजूला सारण्याची सवय आम्हां अध्यापकांना आहे. त्यांची माहिती आम्ही घेतो, आणि संदर्भसूचीत त्यांचे नाव लिहायला विसरतो. ज्या चुकीविषयी येथे आम्ही एवढे बोललो, तिच्यात आमचाही वाटा आहे. म्हणून या वर्षीपासून आम्ही वर्गात एक लहानसा नियम केला आहे. विद्यार्थ्याने एखादे लोकगीत, ओवी किंवा जुने गाणे अभ्यासासाठी घेतले, तर ते कोणी म्हटले, कोणी टिपले आणि ते आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आले, हे पहिल्या पानावर लिहायचे. तिन्ही नावे मिळाली नाहीत, तर कोठे शोधले तेही लिहायचे.

तो प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या ओव्या घेतल्या. पहिल्या पानावर तिने आजीचे नाव लिहिले, आणि खाली आणखी दोन बायकांची. आजीने ज्यांच्याकडून त्या ओव्या ऐकल्या होत्या त्यांची. तिसरीचे आडनाव आजीला आठवत नव्हते. ते विचारायला ती दिवाळीच्या सुट्टीत आजीच्या माहेरी जाणार आहे.