उतरायचे कुठे आणि बघायचे काय?

सहामाही परीक्षा संपत आली की आपल्या शाळेत सहलीची चर्चा सुरू होते. यंदाच्या पालक सभेत ती निघाली, तेव्हा आम्ही उभयता मागच्या बाकावर बसलो होतो. नात सातवीत आहे, आणि तिच्या आईबाबांना रजा नव्हती, म्हणून हा मान आमच्याकडे आला. चर्चा चांगली पाऊण तास रंगली. पण कुठे जायचे यावर दहा मिनिटे आणि कुठे उतरायचे यावर उरलेली सगळी. खोल्या एसी आहेत का? तरणतलाव आहे का? सकाळचा नाश्ता बुफे आहे की ताटात? एका आईने भीत भीत विचारले, "पण मुलं तिथे बघणार काय?" त्यावर उत्तर आले, "अहो, रिसॉर्टमध्येच सगळं आहे ना!" आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. घरी येताना रिक्षात मात्र दोघेही बोलत होतो. त्यातलेच थोडे इथे लिहीत आहोत.

आधी हे सांगायला हवे की आम्ही हॉटेलांचे वैरी नाही. लग्नानंतरचा आमचा पहिला प्रवास नाशिक-त्र्यंबकेश्वरचा. धर्मशाळेत उतरलो होतो. एक सतरंजी, एक पितळी बादली आणि रात्रभर शेजारच्या खोलीतल्या आजोबांचा खोकला. पुढे नोकरीत एलटीसी मिळू लागली तेव्हा कन्याकुमारीपासून सिमल्यापर्यंत हिंडलो, लॉजमधून हॉटेलात आलो. निवृत्तीनंतर सिंगापूर झाले, युरोप झाले. पाठ दुखते आता. चांगली गादी आणि गरम पाणी मिळाले की आम्हालाही बरे वाटते. पण एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली आहे. त्या धर्मशाळेतले आजोबा आम्हाला अजून आठवतात. सकाळी त्यांनी आम्हाला चहा पाजला होता आणि कुशावर्ताची माहिती सांगितली होती. मात्र नंतरच्या हॉटेलांपैकी कुठली खोली कुठल्या गावची होती, हे फोटो काढूनही आज सांगता येत नाही. पांढरी चादर, छोटा साबण, भिंतीवर फुलांचे चित्र. कुठेही सारखेच.

आता मुद्द्याची हकीकत. २०१९ सालच्या दिवाळीत आम्ही एका टूर कंपनीबरोबर युरोपात होतो. पॅरिसच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रमात अत्तराच्या दुकानाची भेट होती. त्याच सुमारास तिथल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात आपल्या यशवंतराव महाराजांच्या संग्रहाचे प्रदर्शन भरले आहे, असे मुलाने फोनवर कळवले होते. हे संग्रहालय रिव्होली रस्त्यावर, लूव्हरच्याच एका बाजूला आहे. आम्ही अत्तराला रामराम ठोकला आणि नकाशा घेऊन दोघेच निघालो. टूर मॅनेजर जरा नाराज झाला, पण दिवाळीचा फराळ त्यालाही दिलेला असल्यामुळे प्रकरण वाढले नाही.

आत गेलो आणि थबकलो. भिंतीवर 'इंदोर' लिहिलेले. खुर्च्या, दिवे, गालिचे, चांदीची भांडी. आणि या सगळ्यांवरून नजर फिरवत असल्यासारखे महाराज व महाराणी संयोगिताराजे यांचे फोटो. फ्रेंच लोक एकेका खुर्चीपाशी पाच पाच मिनिटे उभे होते. आमच्या सौ. हळूच म्हणाल्या, "अहो, आपण चाळीस वर्षं माणिकबागेवरून जातो-येतो. आत काय होतं हे कळायला पॅरिसला यावं लागलं!" तिथल्या एका तरुण कर्मचाऱ्याला आम्ही खुणेने सांगितले की आम्ही त्याच गावचे. त्याने चक्क हात जोडून नमस्कार केला. तेव्हा अभिमानही वाटला आणि ओशाळल्यासारखेही झाले. कारण त्याने पुढे काही विचारले असते, तर आम्हाला सांगता आले नसते.

परत आल्यावर मिळेल ते वाचून काढले. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांना महाराजांचे नाव एम. वाय. हॉस्पिटलमुळे माहीत असेल. संयोगितागंज हे नाव तर रोज तोंडी असते. पण या नावांमागची माणसे किती तरुण होती! यशवंतराव १९०८ साली जन्मले. १९२६ मध्ये वडिलांनी, म्हणजे तुकोजीराव (तिसरे) यांनी गादी सोडली, तेव्हा हे जेमतेम १७ वर्षांचे. शिक्षण इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डला. १९३० मध्ये पूर्ण अधिकार हाती आले. संयोगिताराजे कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या; त्या तर तेव्हा विशीच्याही अलीकडे होत्या. आपल्या बारावीच्या मुलींएवढ्या म्हणा ना! हे जोडपे युरोपात खूप हिंडले. मॅन रे नावाच्या प्रसिद्ध अमेरिकन छायाचित्रकाराने १९३०च्या सुमारास फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कान या गावी त्यांचे फोटो काढले. त्यांतल्या काहींत दोघे इतके खळखळून हसत आहेत, एकमेकांची थट्टा करत आहेत, की राजाराणी वाटतच नाहीत. आपल्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये आजोबा-आजी शेजारी शेजारी ताठ उभे असतात, त्याच काळातले हे फोटो!

आम्हाला सांगायचे आहे ते पुढेच. त्या काळी पुष्कळ संस्थानिक विलायतेला जात. मोठ्या हॉटेलांत उतरत, घोड्यांच्या शर्यती बघत, मोटारी विकत घेऊन परत येत. या जोडप्यानेही ऐषआराम केला, यात शंका नाही. पण ही दोघे ज्यांच्या हातून काही नवे घडत होते, अशा माणसांपर्यंत पोहोचली. एकार्ट मुथेसियस हा जर्मन वास्तुशिल्पकार तेव्हा विशीतलाच होता, त्याच्या नावावर मोठे काम नव्हते. त्याला त्यांनी इंदूरला राजवाडा बांधायचे काम दिले. १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग उभी राहिली. सामान जर्मनीतून जहाजाने आले. नक्षीचे खांब नाहीत, झुंबरे नाहीत. सरळ रेषा, धातू, काच आणि भरपूर उजेड. वातानुकूलन तेव्हाच! (सभेत एसीची चौकशी करणाऱ्या पालकांनी नोंद घ्यावी.) पॅरिसच्या रूलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए यांच्या वस्तू त्यात मांडल्या. हे कॉर्बुझिए म्हणजे पुढे चंडीगड शहर आखणारेच. चंडीगडच्या जवळजवळ २० वर्षे आधी त्यांची खुर्ची इंदुरात होती! मुथेसियसने महाराजांच्या प्रवासासाठी रेल्वेचा डबासुद्धा आखून दिला होता.

कोन्स्तान्तिन ब्रांकुशी हा रुमानियात जन्मलेला, पॅरिसमध्ये काम करणारा शिल्पकार. त्याचा 'अवकाशातील पक्षी' महाराजांनी एक नव्हे, तीन घेतले. एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचे ठरत होते. १९३७ च्या जुलैत संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय अवघे २२. मागे तीन वर्षांची मुलगी, उषाराजे. त्यानंतरच्या हिवाळ्यात ब्रांकुशी खरोखरच इंदूरला येऊन गेला, पण मंदिर काही झाले नाही. आज त्यांतला ब्राँझचा पक्षी अमेरिकेत पॅसाडेना येथील संग्रहालयात आहे आणि संगमरवरी दोन्ही ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात. माणिकबागेतले सामान १९८० साली मोनॅकोत लिलावात विकले गेले. वास्तूत आता केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आहे. त्या लिलावाच्या वेळी आम्ही कॉलेजात होतो. इंदुरात कुणी हळहळल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. आम्हीही नाही हळहळलो. ठाऊक असेल तर हळहळणार ना!

इथे कुणी म्हणेल, राजेरजवाड्यांची चैन मुलांना कशाला सांगता? हा आक्षेप आम्हाला पटतो, आणि म्हणूनच तो झाकून ठेवू नये असे वाटते. १९३० नंतरची काही वर्षे जगभर मंदीची होती. माणिकबागेत काचेचे दिवे लागत होते, तेव्हा याच शहरात मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या चाळींतून आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा पाळीवर जात होते. राजाच्या हाती आलेला पैसा शेवटी रयतेच्या कष्टातूनच येतो. आणि याच घराण्यात अहिल्यादेवी होऊन गेल्या. त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून, म्हणजे स्वतःच्या हिश्शातून, काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. कुणासाठी? वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाला रात्री पाठ टेकता यावी म्हणून. स्वतः त्या महेश्वरला लाकडी खांबांच्या साध्या वाड्यात राहिल्या. एकीने परक्याला उतरायची सोय केली, तर दुसऱ्याने जगातले उत्तम ते आपल्या घरी आणले. यांत मोठे कोण, याचे आमचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते अहिल्यादेवी हेच आहे. पण सातवीच्या मुलाने ते आमच्याकडून ऐकून घेण्यापेक्षा दोन्ही जागा बघून स्वतः भांडावे. वर्गात त्यावर वाद झाला तर सहलीचे पैसे वसूल.

दुर्दैवाने सहली म्हटल्या की आपण मुलांना पाहुणे करून टाकतो. परवाच्या वर्षी ज्या रिसॉर्टवर मुले गेली (नाव नको), तिथे दोन दिवस पाण्यात खेळणे, रात्री मोठ्या आवाजात गाणी आणि सकाळी पाच प्रकारचे नाश्ते झाले. मुले खूश होती, हे खरेच. नातीला विचारले, "गावाचं नाव काय ग?" तिला सांगता आले नाही. आम्ही तिला हसलो, पण आमच्या हॉटेलांच्या खोल्यांचे तरी दुसरे काय झाले?

विश्वस्त मंडळाला आमचे म्हणणे असे. यंदाची सहल महेश्वरची करावी. इंदूरहून अंतर ९०-९५ किलोमीटर, बस सकाळी निघाली तर नाश्त्याला तिथे. किल्ल्याचा एक भाग आज हॉटेल म्हणून चालतो, तेही यशवंतरावांचे चिरंजीव रिचर्ड होळकर यांनी सुरू केलेले. तिथले भाडे शाळेला झेपणारे नाही, आणि झेपले तरी नको. मुलांनी धर्मशाळेत उतरावे, अंथरूण आपले आपण घालावे व उचलावे. अहिल्यादेवींची राजगादी, घाट आणि मागावर चाललेले साडीचे विणकाम बघावे. हातमागाचे हे काम पुन्हा उभे राहावे म्हणून रिचर्ड आणि त्यांच्या पत्नी सॅली होळकर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस 'रेहवा' ही संस्था काढली. तेही बाहेरचे जग बघून आलेले जोडपेच. संध्याकाळी नर्मदेवर दिवे सोडून झाले की जेवायला पिठलं-भाकरी चालेल. शेव आपण इंदूरहून नेतोच!

परतीच्या दुसऱ्या दिवशी, शाळा भरायच्या आधी, तीच मुले माणिकबागेत न्यावीत. सरकारी कार्यालय आहे, दार सरसकट उघडे नसणार, हे आम्ही जाणतो. पण शिस्तीत चाळीस मुले बाहेरून इमारत पाहणार, हातात जुने फोटो घेऊन खिडक्यांच्या रेषा ताडून पाहणार, एवढ्यासाठी रीतसर विनंती करायला काय हरकत आहे? चित्रकलेच्या बाईंशी आम्ही बोललो आहोत. त्या तयार आहेत. इतिहासाच्या सरांनी मात्र विचारले, "परीक्षेत हे येणार आहे का?" आम्ही "नाही" म्हटले. ते हसले आणि म्हणाले, "मग मी येतो."

पालकहो, खर्चाचाही हिशोब आम्ही करून पाहिला. परवाच्या रिसॉर्टला दर मुलामागे जेवढे पैसे भरले, त्याच्या निम्म्यात हे दोन्ही होते. उरलेल्या पैशांतून ज्या मुलांनी मागल्या वेळी "बरं नाही" असे सांगून नाव मागे घेतले होते, त्यांना नेता येईल. अशी मुले प्रत्येक वर्गात असतात. वर्गशिक्षकांना ती ठाऊकही असतात.

माणिकबागेच्या परवानगीसाठी अर्जाचा मसुदा आम्ही तयार करून शाळेच्या कार्यालयात दिला आहे. लेटरहेडवर टंकून, मुख्याध्यापकांची सही होऊन तो या महिनाअखेरपर्यंत गेला, तर दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी जाता येईल. बरोबर येऊ इच्छिणाऱ्या आजी-आजोबांनी आपली नावे कार्यालयात नोंदवावीत. बसमध्ये मागचे दोन बाक आम्ही धरून ठेवले आहेत.