बाभळीचा भुसा आणि सुताराचे नाक

म्हसवड आणि आजूबाजूच्या दुष्काळी माणदेशात बाभळीने सुतारांना पिढ्यान् पिढ्या काम दिले. तिचा लालसर गाभा जड आणि चिवट असतो. म्हणूनच कुळव, पाभर, बैलगाडीची चाके आणि कुऱ्हाडीचे दांडे यांसाठी बाभूळच हवी असे. अमेरिकेत टणक लाकूड म्हणून जो मान ओकला, तोच इथे बाभळीला. टॅनिन दोघांतही भरपूर. ओकच्या पिंपात मद्य मुरते, तर बाभळीच्या सालीने कातडे कमावतात.

पण ओकने जगाला एक कडू धडाही दिला. १९६०च्या दशकात इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या परिसरात सुतारांमध्ये नाकाच्या आतील एक दुर्मीळ कर्करोग वारंवार आढळू लागला. ओक आणि बीच या लाकडांच्या भुशाकडे बोट गेले. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. सर्वांत ठोस पुरावा टणक लाकडांचा आहे, आणि बाभूळ व साग टणकच.

हा आजार दुर्मीळ आहे, घाबरून धंदा सोडण्याचे कारण नाही. पण तो उमटायला अनेक वर्षे लागतात, म्हणून दुर्लक्ष होते. दमा, सततची सर्दी आणि त्वचेची खाज तर त्याहून कितीतरी अधिक सुतारांना होते. पूर्वी वाकस आणि रंध्यातून ढलप्या पडत. आज विजेच्या करवतीतून आणि पॉलिशपेपरच्या यंत्रातून पिठासारखी धूळ उडते. एमडीएफ कापताना त्यात फॉर्माल्डिहाइडच्या डिंकाची भर पडते.

उपाय महागडे नाहीत. यंत्र उघड्यावर किंवा हवेशीर जागी ठेवावे, शक्य तर धूळ ओढणारा पंखा बसवावा. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने सफाई करावी. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावावा. घरी जाण्याआधी कपडे बदलावेत.

एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे किंवा ती सतत चोंदणे, हे नुसते सर्दीचे लक्षण समजू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. आणि सरकारी दवाखान्यात केसपेपरवर वयाच्या शेजारी ‘काम काय करता?’ हा प्रश्न विचारला जाणे गरजेचे आहे. तो विचारलाच नाही, तर सुताराचा आजार लाकडापर्यंत पोहोचणारच नाही.