मराठी घेऊन काय उपयोग?



आमच्या घराण्यात सध्या एक वाद जुंपला आहे. माझ्या चुलत दिरांची नात बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिने जाहीर करून टाकलं, मी मराठी घेऊन बी. ए. करणार, मग एम. ए., आणि जमलं तर संशोधन. झालं! कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस एकच प्रश्न : "मराठी घेऊन काय उपयोग? नोकरी कोण देणार?" ग्रुपवर दोन ओळींच्या वर लिहिलं की कुणी वाचत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. नातेवाईक मंडळी हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी रागावू नये, पण शेवटपर्यंत वाचावं.

माझं म्हणणं आधीच सांगते. नोकरी भाषेच्या पोटात नसते. ती कुणीतरी हुकूम काढून त्या भाषेला जोडलेली असते, आणि हुकूम काढूनच तोडलेली असते. ज्याला नोकरी मिळाली नाही त्याच्या विषयाला दोष देणं म्हणजे एस.टी. आली नाही म्हणून स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला बोलणं.

"काय उपयोग" हा प्रश्न आपल्याला आपला स्वतःचा वाटतो, पण तो जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी आपल्याला शिकवला गेला आहे. २ फेब्रुवारी १८३५ चं मेकॉलेचं टिपण सगळ्यांना ऐकून माहीत असतं. रंगाने हिंदी आणि अभिरुचीने इंग्रज असा दुभाष्यांचा वर्ग घडवायचा, एवढंच आपण लक्षात ठेवतो. त्याच टिपणात आणखी एक गोष्ट आहे. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजातून बाहेर पडलेल्या काही विद्यार्थ्यांनी सरकारकडे अर्ज केला होता. आम्ही दहा-बारा वर्षं शिकलो, प्रावीण्याची प्रमाणपत्रं मिळवली, पण पोट भरण्याची सोय नाही, तेव्हा सरकारने काही करावं, असा त्याचा मतलब. मेकॉलेने हा अर्ज हत्यारासारखा वापरला. बघा, शिकूनही हे लोक उपाशी, म्हणजे हे शिक्षणच निरुपयोगी! आमच्या ग्रुपवर परवा जो युक्तिवाद झाला तो हाच. फक्त त्या वेळी भाषा संस्कृत होती, आज मराठी आहे.

पण पुढे काय झालं ते पाहा. १८३७ मध्ये कायदा करून फारसीची कोर्टकचेरीतली सक्ती काढली गेली. पिढ्यान्‌पिढ्या फारसीवर जगणाऱ्या मुनशांची विद्या काही रातोरात बिघडली नव्हती, पण तिचा भाव उतरला. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी ठराव केला की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावं. मग इंग्रजी 'उपयोगी' ठरली यात नवल ते काय? शर्यतीत एका घोड्याचे पाय बांधायचे आणि दुसरा जिंकला की म्हणायचं, बघा जातिवंत आहे!

आता कुणी म्हणेल, बाई जुना काळ उगाळत बसल्या. बरं, आपल्याकडचंच सांगते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं. १८६२ मध्ये पहिले बी. ए. बाहेर पडले ते चार : रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. पुढे मराठीला विद्यापीठातून बाहेर काढलं गेलं आणि तिला परत आत घ्यावं म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना थेट आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करावी लागली. दुसरीकडे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनला निवेदन देऊन विचारलं की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का उधळता, त्याच्या पोरांना आधी प्राथमिक शाळा का देत नाही? दोघांचं म्हणणं एकत्र वाचा. पदवी ही नुसती विद्या नव्हतीच, ती चाळणी होती. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे ठरवणारी.

माझ्या पिढीचं उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी मराठी घेऊन, मराठी माध्यमातून बी. ए. झाले, बी. एड. केलं आणि लगेच शाळेत लागले. नातेवाईकांना वाटतं, त्या काळी मराठीला मान होता. तसं काही नव्हतं हो! महाराष्ट्र राज्य झालं होतं, गावोगाव माध्यमिक शाळा निघत होत्या, यशवंतरावांच्या काळात सुरू झालेल्या ई.बी.सी. सवलतीमुळे गरिबांची मुलं फीविना शिकत होती आणि वर्गावर उभं राहायला माणसं हवी होती. सरकारने जागा काढल्या म्हणून आम्ही लागलो. केशवसुतांच्या कविता तोंडपाठ होत्या म्हणून कुणी पगार दिला नाही.

२००० साली शिक्षणसेवक योजना आली. तेच काम, तोच वर्ग, पण पहिली तीन वर्षं मानधन. कॉलेजात तर त्याहून वाईट झालं. निवृत्त माणसाची जागा रिकामीच ठेवायची आणि त्या जागी तासिका तत्त्वावर, म्हणजे आपण ज्याला सीएचबी म्हणतो त्यावर, माणूस घ्यायचा. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. दिवाळीची सुट्टी लागली, पैसे नाहीत. परीक्षा सुरू झाल्या, पैसे नाहीत. उन्हाळा तर कोरडाच.

माझा एक विद्यार्थी आहे. वाडीवरचा, वडील शेतमजूर. सेट पास, मराठीत पीएच. डी., आणि वर्षानुवर्षं सीएचबीवर. कुठे कायम जागेची जाहिरात निघाली की मुलाखतीला जातो आणि बाहेर आल्यावर त्याला आडून आडून 'आकडा' विचारला जातो. कुठल्या संस्थेत ते मी सांगत नाही. एका संस्थेचं नाव घेतलं की बाकीच्या साळसूद ठरतात. आता सांगा, या मुलाचं काय चुकलं? मराठी घेतली हे? त्याच्या शेजारी बसून भौतिकशास्त्राचे तास घेणारासुद्धा सीएचबीवरच आहे. आणि इंजिनिअर झालेली किती मुलं स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये वर्षं काढतात ते पुण्यात सदाशिव पेठेत जाऊन बघा.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या भारतावरील २०२४ च्या अहवालात एक आकडा आहे. २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात ३.४ टक्के. हा आकडा सगळ्या शाखांच्या पदवीधरांचा आहे, एकट्या मराठीवाल्यांचा नाही. आणि त्याचा अर्थ शिक्षणाने माणूस बेकार होतो असाही नाही. निरक्षराला रिकामं बसणं परवडतच नाही, तो मिळेल त्या मजुरीला जातो. पदवीधर थांबतो, कारण घरच्यांनी जमीन गहाण टाकून त्याला शिकवलेलं असतं.

मला सगळ्यात जास्त जे बोचतं ते असं. जोवर पदव्या मूठभरांकडे होत्या तोवर जागा भरपूर होत्या. फुल्यांनी ज्यांच्यासाठी भांडण मांडलं त्यांची नातवंडं-पणतवंडं पीएच. डी.पर्यंत पोचली, आणि नेमक्या तेव्हाच जागा आटल्या. आता त्यांनाच उलट सांगायचं की तुमचा विषयच निरुपयोगी!

आता थोडं आमच्या विद्वान मंडळींबद्दल. नातेवाईकांना बोलले, मग त्यांना का सोडू?

रोनाल्ड डोर नावाच्या अभ्यासकाने १९७६ मध्ये 'डिप्लोमा डिसीज' म्हणजे पदवीचा रोग या नावाचं पुस्तक लिहिलं. जपान, श्रीलंका, केनिया आणि इंग्लंड यांची तुलना करून तो सांगतो की जो देश विकासाच्या वाटेवर उशिरा निघतो तिथे नोकरीसाठी प्रमाणपत्राचा हट्ट जास्त, आणि मग शिकणं मागे पडून प्रमाणपत्र मिळवणं तेवढं उरतं. श्रीलंकेची गोष्ट तर आपण सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९५६ मध्ये तिथे सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. स्वभाषेतून शिकलेले कला शाखेचे पदवीधर मोठ्या संख्येने बाहेर पडले. सरकारला सगळ्यांना सामावता येईना, आणि खाजगी कंपन्यांचा कारभार इंग्रजीतच राहिला. एप्रिल १९७१ मध्ये तिथे बंड झालं, त्यात शिकलेल्या बेकार तरुणांचा भरणा होता. भाषेला सिंहासन दिलं, पण तिच्या लेकरांना काम दिलं नाही, त्याचं हे फळ. (त्या कायद्याने तमिळ लोकांचं काय झालं ही आणखी मोठी शोकांतिका, त्यावर पुन्हा कधीतरी.) ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण पेढे खाऊन झाल्यावर मराठीच्या किती रिकाम्या जागा भरल्या, हे विचारायचं कुणाला सुचलं का?

डोरने सांगितलेला रोग आपल्याकडे संशोधनालाच जडला. २०१० च्या यूजीसी नियमावलीने एपीआयचे गुण आणले : पेपर छापला की गुण, चर्चासत्राला गेलं की गुण. मग पैसे घेऊन पेपर छापणाऱ्या मासिकांचं पीक आलं. त्याला आळा घालायला 'केअर' यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. २०१८ च्या नियमांनी सांगितलं की विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला २०२१ पासून पीएच. डी. हवीच. मग मुदत पुढे ढकलली, आणि जुलै २०२३ पासून सांगितलं की नेट-सेट असली तरी चालेल. मधल्या काळात ज्यांनी घरदार पणाला लावून प्रबंध पुरा केला त्यांनी कुणाकडे पाहायचं? विद्या म्हणून नव्हे, तिकीट म्हणून संशोधन करायला लावलं, आणि गाडी आली तेव्हा म्हणाले, तिकिटाची गरज नाही, पण जागाही नाही.

आणि या प्रबंधांत असतं काय? 'अमुक कादंबरीकार : एक चिकित्सक अभ्यास'. 'तमुक साहित्यातील उत्तर-वसाहतवादी जाणीव'. सैद आणि स्पिव्हाक यांची नावं दर पानावर. माझा त्या सिद्धांतांना विरोध नाही. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या पुस्तकात दाखवलं की इंग्रजी साहित्य हा 'विषय' म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात आकाराला आला, राज्यकारभाराची सोय म्हणून. किती मोलाचं काम! पण आमच्याकडे वसाहतवाद हा शब्द प्रबंधात येतो आणि तासिका तत्त्व हा शब्द येत नाही. प्रबंध लिहिणारा स्वतः सीएचबीवर, पण तो सामाजिक शोषणाची पाचशे पानं लिहितो आणि स्वतःच्या थकलेल्या मानधनाबद्दल चकार शब्द नाही. का? गाइड नाराज होईल, संस्था नाराज होईल.

क्रेग जेफ्री नावाच्या भूगोलाच्या अभ्यासकाने मेरठमध्ये राहून, चहाच्या टपऱ्यांवर बसून, तीन-तीन पदव्या घेऊन वाट बघणाऱ्या तरुणांचा अभ्यास केला आणि २०१० मध्ये 'टाइमपास' नावाचं पुस्तक लिहिलं. हा शब्द त्याने त्या मुलांच्याच तोंडून उचलला. 'वाट पाहणं' हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्याला बाहेरून येऊन दिसलं. परभणी, लातूर, नंदुरबारच्या टपऱ्यांवर आमच्या मराठी विभागांनी बसायला नको का?

कलावंतांना हे आधीच दिसलं होतं. नेमाड्यांचा चांगदेव पाटील 'बिढार', 'जरीला', 'झूल'मधून गावोगावच्या खाजगी कॉलेजांत बिऱ्हाड घेऊन हिंडतो, संस्थांचं राजकारण सोसतो. सत्यजित राय यांच्या 'प्रतिद्वंद्वी'त (१९७०) मुलाखतीला गेलेला तरुण व्हिएतनामच्या लढ्याला चंद्रावरच्या माणसापेक्षा मोठी घटना म्हणतो आणि तिथेच त्याच्यावर शिक्का बसतो. त्यांच्याच 'जन अरण्य'मध्ये (१९७६) परीक्षकाला मुलाचं बारीक अक्षर वाचता येत नाही, तेवढ्यावर मुलाचं नशीब फिरतं. म्हणून मला साहित्य निरुपयोगी आहे हे पटत नाही. बेकारीचा आकडा अहवाल सांगेल, पण मुलाखतीच्या बाहेरच्या बाकावर काय वाटतं ते कादंबरीच सांगते.

असो. नुसती तक्रार करून थांबणं बरं नव्हे. कामं आहेत. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, पण सरकारी मराठी पत्र वाचून आजही डोकं धरावं लागतं, तिथे भाषा जाणणारी माणसं लावा. कायदे, निकाल, औषधांची माहिती, शेतीचं शास्त्र हे सगळं नीट मराठीत आणायला अनुवादक लागतात, त्यांना जगता येईल इतके पैसे द्या. ग्रंथालय कायदा १९६७ पासून आहे, पण गावच्या ग्रंथपालाच्या हातात काय पडतं ते एकदा विचारून बघा. आणि सगळ्यात आधी, कॉलेजांतल्या रिकाम्या जागा भरा, आकडा न विचारता. या कामांची आजही गरज आहे. नाही तो पगार.

तेव्हा ग्रुपवरच्या मंडळींना माझं सांगणं एवढंच. पोरीला मराठी घेऊ द्या. अनुवाद शिकू द्या, संगणकावर काम शिकू द्या, इंग्रजीही पक्कं करू द्या, त्याला माझी ना नाही. पण तिला "काय उपयोग" असं विचारू नका. तो प्रश्न आमदारांना विचारा, संस्थाचालकांना विचारा, दारात मतं मागायला येतील त्यांना विचारा. आपल्या घरात आमदारांच्या ओळखीचे निदान तिघं जण आहेत, मला नावं घ्यायला लावू नका.

आणि पोरी, तू उद्या संशोधन केलंस तर पहिल्या प्रकरणात एक लिही : हा प्रबंध लिहिणारीला महिन्याला किती रुपये मिळत होते, आणि ते किती महिन्यांनी मिळत होते. मग खुशाल उत्तर-वसाहतवादावर लिही. मी पान न पान वाचेन.